लोकशाहीची रीत : भिक्खुसंघ, गोतसभा, महापालिका आणि आपल्या सोसायटीची वार्षिक सभा

शिवडीकर (धागाकर्ता)

लोकशाहीवर बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "ही इंग्रजांनी दिली" आणि "आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून होतीच". दोन्हींनी चर्चा जागच्या जागी थांबते. म्हणून इथे जरा खोलात जाऊन बघू या. माणसं एकत्र बसून निर्णय कसा घेत होती? विषय कोण मांडायचं, विरोध कसा नोंदवला जायचा, हिशेब कोण मागायचं आणि मुळात सभेत बसायची मुभा कुणाला होती? लोकशाही ही अशा रितींची आणि त्यांच्या पाठच्या मूल्यांची परंपरा आहे, आणि यातलं एक गळालं की दुसरं फार दिवस तग धरत नाही, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात विनयपिटकापासून, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथापासून करतो, कारण तिथे कामकाजाची पद्धत फार बारकाईने नोंदली आहे. संघापुढे विषय आणायचा तर आधी 'ञत्ति', म्हणजे प्रस्ताव. साधा विषय असेल तर ञत्तिदुतिय कम्म: प्रस्ताव एकदा, त्यावर संमती विचारणारी घोषणा एकदा. उपसंपदेसारख्या (नव्या भिक्खूला संघात पूर्ण प्रवेश देणं) मोठ्या विषयाला ञत्तिचतुत्थ: प्रस्ताव एकदा, घोषणा तीनदा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं, ज्याला नाही त्याने बोलावं, असं प्रत्येक घोषणेत विचारायचं. गणपूर्तीही ठरलेली. बहुतेक कामांना चार भिक्खू, मध्यदेशात उपसंपदेला दहा, सीमेवरच्या प्रदेशात पाच, अब्भानाला, म्हणजे दोषी भिक्खूला प्रायश्चित्तानंतर संघात परत घ्यायला, वीस. तेवढे हजर नसतील तर झालेलं काम ग्राह्य नाही. आजारी भिक्खूला आपली संमती दुसऱ्याबरोबर कळवावी लागे, कारण हद्दीतल्या एकालाही वगळून केलेलं काम अपुरं मानलं जाई.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकं हेच पुढे ठेवलं होतं: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव. लगेच पुढे त्यांनी विचारलं की ही पद्धत भारताने एकदा गमावली, ती पुन्हा गमावणार का? रीत विसरता येते आणि ती जपावी लागते, ही काळजी त्या प्रश्नात आहे. या अंगाने लिहा, ही विनंती.

जुना_कागद

उत्तम धागा. दोन नोंदी जोडतो, एक तमिळ देशातली, एक आपल्याकडची.

उत्तरमेरूरचे पहिल्या परांतक चोळाचे शिलालेख इ.स. ९१९ आणि ९२१ चे आहेत. गावाचे ३० वॉर्ड. प्रत्येक वॉर्डातून पात्र माणसांची नावं पानांवर लिहून गठ्ठा मडक्यात टाकायचा आणि सभेसमोर एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. वार्षिक समितीत १२, बाग समितीत १२, तलाव समितीत ६. पहिल्या लेखात वयाची अट ३० ते ६०, दोनच वर्षांत ती ३५ ते ७० झाली, म्हणजे अनुभव घेऊन नियम दुरुस्त होत होते. आधीची तीन वर्षं समितीवर असलेला माणूस बाद. हिशेब न देणारा बाद, त्याचे जवळचे नातलगसुद्धा बाद. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. हिशेब चुकवून भावाला किंवा मेहुण्याला पुढे करण्याची वाट तिने बंद केली.

आपल्याकडची गोतसभा, म्हणजे पाटील-बलुतेदार अशा वतनदारांची सभा, मुख्यतः वतनाच्या तंट्यांसाठी. तिचे कागद वाचले की क्रम दिसतो. दोन्ही वादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे सभा देईल तो निवाडा कबूल, आणि त्यासाठी जामीन देत. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे बाजूचं निवेदन, लेखी. साक्षी. निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, त्यावर हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्यांची आपापल्या कसबाची. हरणारा येजितखत लिहून देई की माझा दावा खोटा ठरला, पुन्हा उभा करणार नाही. जिंकणाऱ्याकडून हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम), हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड).

राजीनामा आणि येजितखत या दोन कागदांकडे लक्ष द्यावं. निकाल लागायच्या आधी "हरलो तरी मानीन" असं बांधून घेणं आणि निकालानंतर हार लेखी कबूल करणं. निवडणूक हरल्यावर खुर्ची रिकामी करणं हे याच जातीचं मूल्य आहे, आणि कुठल्याही राज्यघटनेला ते माणसांत आधी असावं लागतं.

वरळी_नाका

जुना_कागद, माहिती पक्की आहे, पण अर्धी बाजू राहिली. उत्तरमेरूर हे ब्रह्मदेय, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. पात्रतेसाठी पाव वेलीहून (वेली हे जमिनीचं जुनं माप) जास्त करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदाध्ययन हवं. तिथल्या कष्टकऱ्याचं नाव मडक्यात जाणं शक्यच नव्हतं. गोतसभेत बलुतेदार निशाणी करत, महारही करत, पण ती आपापल्या वतनाच्या नात्याने. जातीची उतरंड सभेत तशीच बसलेली असे. अथेन्सचंही तेच. क्लेइस्थेनिसने इ.स.पू. ५०८-५०७ च्या सुमारास दहा टोळ्या केल्या, प्रत्येकीतून चिठ्ठीने ५० असं ५०० जणांचं मंडळ आलं, पुढे न्यायमंडळात बसायला भत्ता मिळू लागला म्हणून गरीब नागरिकालाही दिवसाची मजुरी बुडवून बसता येऊ लागलं. ही भत्त्याची युक्ती थोर आहे. पण बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन वसलेले लोक बाहेरच.

म्हणजे रीत होती, समता नव्हती. ती कुठून आली हे बघायचं तर आपल्याच शहरात बघा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या ठोस: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार होते आणि दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तेव्हा यातल्या एकालाही कुठल्याच निवडणुकीत मत नव्हतं. पण मागणी लिहून काढणं, वाचून दाखवणं, सभेची मंजुरी घेणं, सह्या घेणं, हे सगळं त्यांनी केलं. सत्यशोधक समाजातून आलेली समतेची शिकवण आणि अर्ज-ठरावाची नवी रीत या दोन गोष्टी परळ-लालबागच्या गिरण्यांत एकत्र आल्या.

दुसरं उदाहरण महाडचं, कारण ते मुंबईतून सुरू होतं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात. ठराव संमत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तोही संमत. सूचक होता, अनुमोदक होता, इतिवृत्तात नोंद होती. पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला लोक गेले, पाणी प्यायले आणि त्यांच्यावर हल्ला झाला. मग ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तेही रीतसर! न्यायालयीन लढा पुढे १९३७ पर्यंत चालला.

"भारतातली लोकशाही हा वरून टाकलेला मातीचा थर आहे, खालची जमीन अलोकशाहीची आहे" या आशयाचं बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला बोलले. महाडच्या इतिवृत्ताची वही डोळ्यांपुढे ठेवली की ते कळतं. स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला त्यांनी बंधुता का ठेवली, तेही कळतं.

करदाता

वरळी नाका यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मतदार कोण, या प्रश्नाचा मुंबईतला प्रवास थोडक्यात देतो.

१८५२ ची बॉम्बे असोसिएशन, जगन्नाथ शंकरशेट वगैरे, ही शहरातली पहिली मोठी राजकीय संघटना, पण श्रीमंतांची. १८७२ च्या कायद्याने महापालिकेत ६४ सभासद: ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींनी, १६ सरकारने नेमलेले. १८८८ चा कायदा, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता होते, आजही दुरुस्त्यांसह लागू आहे. मताचा हक्क कर भरण्याशी जोडलेला होता. चाळीतला भाडेकरू बाहेर. १९२१ मध्ये मुंबई प्रांताने विधिमंडळासाठी स्त्रियांवरची बंदी उठवली, पण मालमत्तेची अट राहिली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ ची.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १७ कोटींहून जास्त मतदारांची यादी करायची होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे अडचण आली ती नावांची. मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत बायका स्वतःचं नाव सांगत नव्हत्या, "अमक्याची आई", "तमक्याची बायको" अशीच नोंद होत होती. आयोगाने अशा नोंदी घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख नावं यादीतून गेली. तेव्हा हे कठोर वाटलं असणार. पण नागरिक म्हणजे स्वतःच्या नावाने उभा असलेला माणूस, हे तत्त्व आयोगाने सोडलं नाही, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक नावं आली. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

अलीकडचं सांगायचं तर मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नव्हते. कायद्याप्रमाणे आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथे खात्यानिहाय चर्चा होते, मग सभागृहात. या काळात आयुक्तच प्रशासक, त्यामुळे मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. पाणी आलं, कचरा उचलला गेला, म्हणून अनेकांना फरक जाणवला नाही. पण एखाद्या रस्त्याचं काम का रखडलं हा प्रश्न लेखी विचारून त्याचं उत्तर कामकाजात नोंदवून घेण्याची जागा नव्हती.

पुनर्विकास_प्रश्न

सगळं वाचतोय. एक साधी शंका. शेवटी बहुमत झालं की विषय संपतो ना? मग एवढी रीत कशाला?

शिवडीकर

चांगला प्रश्न विचारलात. विनयपिटकात वाद मिटवायचे सात उपाय आहेत, बहुमत (येभुय्यसिका) त्यातला एक. आधी समोरासमोर मिटवायचं, मग जाणत्यांची छोटी समिती, तरी जमलं नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, देऊन मत घ्यायचं. काड्या वाटणारा संघाने नेमायचा, आणि त्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात: ओढ, द्वेष, मोह, भय या चारांच्या आहारी न जाणारा, आणि कुणाची काडी घेतली, कुणाची राहिली हे नीट ठाऊक असणारा. मत घेणं कधी चुकीचं, हेही सांगितलं आहे. विषय क्षुल्लक असेल तेव्हा, वाद अजून पुरता चर्चिला गेला नसेल तेव्हा, मतामुळे संघ फुटणार असेल तेव्हा. बहुमत हा शेवटचा उपाय आहे, आणि चर्चा न होऊ देता घेतलेलं मत हे मतच नव्हे.

मर्यादाही सांगायला हवी. गुप्त पद्धतीत काड्या मोजल्यावर धर्माविरुद्ध बाजू जास्त निघाली, तर काडीवाल्याने मतदान नीट झालं नाही म्हणून ते रद्द करावं, अशी मुभा तिथे आहे. आजच्या अर्थाने हे लोकशाहीत बसत नाही. मतमोजणी करणाऱ्याला निकालावर मत नसतं, ही शिकवण खूप नंतरची.

सई_लालबाग

आता सोसायटीकडे येते, कारण मुंबईत बहुतेक माणसं लोकशाही शिकतात किंवा विसरतात ती तिथेच. सहकारी गृहनिर्माणातली एक जुनी सोसायटीही इथलीच, गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. चाळ कमिट्या आणि गावकऱ्यांच्या खोल्यांची मंडळं यांनीही वर्गणी, वही आणि मासिक सभा ही शिस्त गिरणगावाला लावली होती.

नियम माहीत असतात, घसरगुंडी होते ती अशी.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवसांची, विशेष सभेची पूर्ण ५ दिवसांची. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही. इथे पहिली चूक. फलकावर लावली, व्हॉट्सॲपवर टाकली, पोच नाही. भाडेकरू ठेवून बाहेर राहणाऱ्या सभासदाला कळतच नाही, आणि वाद झाला की अख्खी सभा अडचणीत येते.

गणपूर्ती: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी असेल ते. अर्ध्या तासात जमली नाही तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी नोटिशीतच "त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच जागी" असं छापतात, आणि लोक उशिरा येण्याची सवय लावून घेतात. मग दहा जण शंभर जणांचं ठरवतात. यात बेकायदा काही नाही, पण सभा मरते ती इथे.

सगळ्यात मोठी गडबड "आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" या ओळीत. ज्याला आधी नोटीस लागते असा कुठलाही विषय त्यात घेता येत नाही. पण रंगकाम, पार्किंगचे दर, लिफ्टचा ठेका असे खर्चाचे विषय रात्री साडेदहाला, निम्मे लोक उठून गेल्यावर, याच ओळीखाली मंजूर होतात. उपाय एकच. त्याच क्षणी उभं राहून हरकतीचा मुद्दा घ्यायचा: "हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही, पुढच्या सभेत नोटिशीसह घ्यावा." नंतर जिन्यात बोलून उपयोग नाही.

मग इतिवृत्त. तिघांनी विरोध केला आणि कागदावर "सर्वानुमते मंजूर". सेक्रेटरी वाईट असतो म्हणून हे होतं असं नाही. विरोध नोंदवला तर भांडण दिसेल, अशी भीती असते. पण विरोध हा सभेचा भाग आहे, तो पुसला की पुढच्या वेळी तीच माणसं सभेला येत नाहीत, थेट सहकार खात्याच्या निबंधकाकडे जातात. ठराव लिहायचा तो असा: विषय क्रमांक, ठरावाचा पूर्ण मजकूर रकमेसह, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, विरोध करणाऱ्याने सांगितलं तर त्याचं नाव आणि कारण एका वाक्यात. ठराव मतास टाकण्याआधी मोठ्याने वाचायचा. उपसूचना आली तर आधी तिच्यावर मत, मग मूळ ठरावावर. मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना, हरकतींना पुढचे १५ दिवस, मग समितीच्या सभेत अंतिम.

सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि समितीचीही इतिवृत्तं, सभासदांची यादी बघता येते. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. हे दोन अधिकार वापरणाऱ्याला बहुतेक इमारतींत "कटकट्या" म्हणतात. उत्तरमेरूरच्या सभेने त्याला असं म्हटलं नसतं.

वरळी_नाका

सई, फार नेमकं लिहिलंत. एक भर. मॉडेल उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) सर्वसाधारण सभेला प्रतिनिधी किंवा मुखत्यार चालत नाही, आणि कायद्याने एक सभासद एक मत. चार फ्लॅटवाल्यालाही एकच, दहा बाय दहाच्या खोलीवाल्यालाही एकच. १८७२ च्या करदात्या मताधिकारापासून आपण इथवर आलो, हे सभेत बसताना आठवावं.

घर नवऱ्याच्या नावावर असेल तर वर्षानुवर्षं देखभाल खर्चाचे चेक भरणारी बाई सभेत बोलूच शकत नाही, याकडेही बघा. सहयोगी सभासद करून घेतलं आणि शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव असलेल्या सभासदाची लेखी संमती दिली, तर पहिल्या नावाच्या गैरहजेरीत तिला हजर राहता येतं, मत देता येतं. खर्च किरकोळ. करून घ्या.

पुनर्विकास_प्रश्न

आमच्याकडे पुढच्या महिन्यात विकासक निवडीची विशेष सभा आहे. काही जण म्हणतात विरोध नोंदवला तर पुढे घर मिळताना त्रास होईल. काय करावं?

सई_लालबाग

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाप्रमाणे त्या सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश हजेरी लागते. तिथे "अर्ध्या तासाने" चालत नाही. निर्णयाला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के लेखी संमती लागते, हजर असलेल्यांच्या नव्हे. चित्रीकरण सक्तीचं आहे. सभेआधी तुलनात्मक तक्ता मागा: चटई क्षेत्र, कॉर्पस (विकासक सभासदांना देणार ती एकरकमी रक्कम), भाडं, बँक हमीची रक्कम, मुदत. तक्ता सभेतच पहिल्यांदा दाखवला, तर वाचायला वेळ हवा म्हणून तहकुबी मागा.

विरोध केल्याने सभासदत्व जात नाही आणि हक्काचं क्षेत्र कमी होत नाही. करारनाम्याचे फायदे सगळ्यांना सारखे. विरोध शांतपणे, कारणासह नोंदवा, आणि त्याच रात्री सेक्रेटरीला पत्र देऊन पोच घ्या. मजकूर एवढाच पुरे:

"आजच्या विशेष सर्वसाधारण सभेतील विषय क्र. २ वरील ठरावास मी विरोध केला आहे. कारण: बँक हमीची रक्कम तक्त्यात नमूद नाही. माझा विरोध कारणासह इतिवृत्तात नोंदवावा. बहुमताने होणारा निर्णय मला मान्य राहील, परंतु बँक हमीचा मुद्दा करारनाम्यापूर्वी सभेपुढे पुन्हा ठेवावा."

जुना_कागद

यातलं तिसरं-चौथं वाक्य एकत्र ठेवा, तोडू नका. आणि पत्राच्या दोन प्रती काढा. पोच दुसऱ्या प्रतीवर, तारीख, सही आणि सोसायटीच्या शिक्क्यासह.